मारोतरावांना हाक

“गुंजनच्या नावासमोर हे कोणतं गाणं लिहून आहे, भाऊ?”

धम्मानंदने यादीचा कागद कृष्णकांतसमोर धरला. पोरांच्या गाण्याची स्पर्धा सुरू व्हायला पाऊण तास उरला होता. रामदासपेठेतल्या त्या लहानशा सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, माइक ठोकून बघून झाले होते, आणि कृष्णकांत मंचामागच्या आरशासमोर उभा राहून जाकिटाच्या खिशात लाल रुमाल खोचत होता.

“पतंगाचं,” तो आरशातच बघत म्हणाला. “नुकतीच संक्रांत झाली. लोकांना आवडेल.”

“मी तिले नावाड्याचं गाणं दिलं होतं.”

“हो. मग बदललं ते.”

“कोणी बदललं?”

“अरे, आता पाहुणे यायची वेळ झाली आणि तू काय चौकशी लावली आहेस! ट्रॅक पेन ड्राइव्हमध्ये आहे. मूळ पट्टीतच ठेव हं. हात लावू नको.”

आणि रुमालाचं टोक सारखं करत तो दाराकडे निघूनही गेला. धम्मानंद आरशात स्वतःकडेच बघत राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, खांद्यावर वायरची गुंडाळी. हात लावू नको म्हणे! आजवर या सभागृहात एका तरी पोराच्या गाण्याला त्याचा हात लागल्याशिवाय राहिला होता का?

मौद्याच्या एका सरकारी कचेरीत धम्मानंद कारकून होता. सकाळी इंदोऱ्यातल्या घरातून निघून बस धरायची, संध्याकाळी तीच बस उलटी धरायची, आणि मधल्या वेळात लोकांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायचे, असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही आणि तोही कोणाला सांगत नसे. सांगण्यासारखा त्याचा एकच वार, रविवार. दर रविवारी या सभागृहात कृष्णकांतचा कराओकेचा ग्रुप भरायचा. दुपारी मोठी माणसं गायची, सकाळचे दोन तास बारा ते पंधरा वर्षांच्या पोरांचे. कृष्णकांत महाल भागात राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला, आवाजाने आणि अंगानेही भारदस्त. मंचावरचा माइक त्याचा, स्पीकरमागचा लॅपटॉप धम्मानंदचा. अकरा वर्षांपूर्वी ही वाटणी ठरली तेव्हा कृष्णकांतने चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, “पोरांनी काय गायचं ते धम्मानंद ठरवेल. त्यात मी बोट घालणार नाही.” धम्मानंदने तो शब्द जपून ठेवला होता. कृष्णकांतला तो दिल्याचंही आठवत नसावं.

आता पोरांनी काय गायचं यात एवढं ठरवायचं ते काय, असं कोणीही म्हणेल. ज्याला जे आवडतं ते द्यावं लावून! पण तिथेच तर घोळ आहे. पोरांना आवडतं ते गाणं गायलेलं असतं तिशी-चाळिशीतल्या पक्क्या गवयाने, आणि म्हणणारा असतो सातवीतला, ज्याचा आवाज सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरा. पोरांचा आवाज फुटतो. पोरींचा फुटत नाही, पण त्यात हवा शिरते आणि वरचे सूर काही महिने रुसून बसतात. “आवाज आन् चप्पल,” धम्मानंद आईबापांना सांगायचा, “दोन्हीचं माप दर दोन महिन्याले घ्या लागते या वयात.”

माप घ्यायची त्याची तऱ्हाही त्याचीच होती. पेटीवर सूर धरून ‘आ’ म्हण म्हटलं की पोरं काठीसारखी ताठ होतात आणि कुठलातरी उसना आवाज काढतात. म्हणून धम्मानंद आधी विचारायचा, “सकाळी काय खाल्लं बे?” पोरगं सांगायला लागलं, पोहे खाल्ले, बहिणीने शेव जास्त घेतली, की हा डोळे मिटून ऐकायचा. बोलता बोलता आवाज जिथे टेकतो तो खालचा सूर. मग पोराला मंचावर उभं करायचं आणि सांगायचं, “फाटकावर मारोतराव बसले हायेत. त्याइले हाक मार.”

मारोतराव म्हणजे सभागृहाचे चौकीदार. कानाने जरा जड. मंचावरून फाटकापर्यंत हाक पोचवायची म्हणजे पोराला पोटातूनच ओरडावं लागे, तिथे लाजायला जागाच नाही. “ओ मारोतराऽव!” ही हाक न चिरता जिथपर्यंत चढते तो वरचा सूर. गाण्यातला सगळ्यात उंच सूर त्याच्या एक पायरी खालीच राहिला पाहिजे, हा धम्मानंदचा कायदा. मारोतराव फाटकावरूनच “आलोऽ” म्हणून ओ द्यायचे आणि स्टुलावरून तसूभरही हलायचे नाहीत. एका रविवारी वीस-वीस हाका यायच्या. माणूस उठणार तरी किती वेळा?

हे सगळं एका वहीत जायचं. एका पोराला एक पान. तारीख, खालचा सूर, वरचा सूर, गाणं कोणतं, लॅपटॉपवर ट्रॅकची पट्टी किती घरं उतरवायची. पियुष नावाच्या पोराचा आवाज दसरा-दिवाळीच्या मध्ये असा फुटला की घरी फोन उचलला तर लोक त्याला त्याच्या बापाच्या नावाने बोलायला लागले. धम्मानंदने त्याचं जुनं गाणं काढून घेतलं, पाच-सहा सुरांतच फिरणारं एक साधं गाणं शोधलं, ट्रॅक चार घरं खाली ओढला. पोरगं परत हसायला लागलं. शब्दांवरही त्याची नजर असे. बारा वर्षांच्या पोराने प्रेमभंगाने झुरायचं काही कारण नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

आणि स्वतः? स्वतः धम्मानंद गात नसे. ग्रुपमध्ये नव्या येणाऱ्याला नवल वाटायचं. ज्याच्या कानाला इतकं कळतं तो दोन ओळी गुणगुणतही नाही? त्याची बायको सरिता सांगायची, “लग्नाले सव्वीस वर्ष झाले, न्हानीतबी गायला नाही हा माणूस.”

तेरा वर्षांचा होता तेव्हा गायला होता. भिवापूरच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सर पेटीवर बसले होते आणि हाताने खुणावत होते, वर, आणखी वर. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज असा चिरला, की आधी क्षणभर कोणालाच कळलं नाही की हे काय झालं. मग सगळी शाळा हसली. त्याची आई कौसल्या मिरच्यांचे देठ खुडायचं काम अर्ध्यावर टाकून पोराचं गाणं ऐकायला आली होती. तीही हसली. तिला वाटलं, नक्कल करून राहिला. शाळा सुटेपर्यंत त्याचं नाव ‘फाटका’ पडलं ते पडलंच. पण त्याला डाचत राहिलं ते नाव नाही, आईचं हसणंही नाही. सरांना माहीत होतं! आदल्या दिवशीच्या तालमीत आवाज चिरलेला त्यांनी ऐकला होता आणि तरी ते वर, वर म्हणत राहिले. आपल्या हाताखालच्या पोराला माणूस असं उघड्यावर सोडतो कसा, हे त्याला आजतागायत कळलेलं नव्हतं.

म्हणून गुंजनच्या नावासमोर पतंगाचं गाणं बघून तो तसाच वहीकडे वळला.

ते गाणं त्याला पाठ होतं. पहिला अंतरा सरळ, पण दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी चाल पतंगासारखीच एकदम वर जाते आणि तिथे थांबते, चांगले सात-आठ ठोके. त्याने वहीत गुंजनचं पान काढलं. चौदा वर्षांची गुंजन, अकराव्या वर्षापासून त्याच्या हाताखाली. पानावर दिवाळीनंतरच्या रविवारची तारीख होती. त्या दिवशी मारोतरावांना मारलेली तिची हाक मध्येच चिरली होती आणि पोरगी कावरीबावरी होऊन त्याच्याकडे बघत राहिली होती. ते डोळे त्याने भिवापूरच्या आरशात पाहिले होते. त्याने लाल शाईने लिहिलं होतं, ‘वरचा सूर नको.’ खाली दोन रेघा.

“पियुष, इकडे ये बे. गुंजनने गाणं कधी बदललं?”

पियुष खुर्च्यांवर कागद ठेवत होता. “लय दिवस झाले काका. बुधवारी कृष्णकांत सर घेते नं तिची प्रॅक्टिस, त्यांच्या घरी.” मग त्याचं धम्मानंदच्या तोंडाकडे लक्ष गेलं. “तुम्हाले नव्हतं माहीत? सगळ्याईले माहीत हाय.”

सगळ्यांना. धम्मानंद हळूच खुर्चीत बसला. दर रविवारी ही पोरगी त्याच्यासमोर नावाड्याचं गाणं म्हणायची, तो डोळे मिटून “वा, वा” म्हणायचा, आणि बाकीची पोरं एकमेकांकडे बघत असतील. दर रविवारी!

तो उठला तो तडक दाराशी गेला. कृष्णकांत हार आणणाऱ्याला ओरडत होता.

“भाऊ, शब्द दिला होता तुम्ही मले.”

“कसला शब्द?”

“पोरांच्या गाण्यात बोट घालणार नाही म्हणून. अन् चोरून, बुधवारी-बुधवारी? मी काय मेलो होतो?”

कृष्णकांतने त्याला कोपऱ्यात ओढलं. “हळू बोल. सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास? प्रामाणिकपणे सांग. तू चांगलाच आहेस रे, पण तू घाबरट आहेस. तुझी सगळी पोरं जमिनीवर चालतात. लोक घरी जाऊन कोणाचं नाव काढतात? जो वर गेला त्याचं. ती पोरगी माझ्या घरी तो सूर लावते, मी ऐकलाय.”

“तुम्हाले काय ऐकू येते भाऊ! तुम्हाले फक्त मोठा आवाज ऐकू येते. तिचा गळा चिरते तिथी. चारशे लोक हसले नं, तं पोरगी जन्मात तोंड उघडत नाही.”

“चारशे कुठले? दीडशे खुर्च्या आहेत.”

“केसानं गळा कापला तुम्ही माझा,” धम्मानंद म्हणाला. “अन् माझा कापला तं कापला, त्या पोरीचा काहून कापून राहिले?”

कृष्णकांत काही म्हणणार तोच परीक्षकांची गाडी फाटकात शिरली, आणि तो दोन्ही हात जोडून हसत पुढे झाला.

मंचामागे गुंजन पिवळा ड्रेस घालून उभी होती. धम्मानंदला बघताच तिने मान खाली घातली.

“नावाड्याचं विसरली का वं?”

“काका, मी सांगणारच होती. काका ऐका नं, माझा आवाज आता...”

“राहू दे,” धम्मानंद म्हणाला. “सांगायचं त्याले सांगून झालं नं तुझं? राहू दे.” आणि तो जाऊन लॅपटॉपमागे बसला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! तीन वर्षं या पोरीच्या आवाजाला त्याने डोळ्यात तेल घालून जपलं होतं. सरितेने तिच्यासाठी मेथीचे लाडू पाठवले होते. आणि ही दर रविवारी तोंडावर हसून नावाडी गात होती.

स्पर्धा सुरू झाली. पियुष गायला, सांभाळून, छान गायला. आणखी सहा जण झाले. मग कृष्णकांतने माइक घेतला, “आता एक उंच उडणारा पतंग!” म्हणाला, आणि गुंजन मंचावर आली.

धम्मानंदने ट्रॅक लावला. पट्टीच्या चौकटीत शून्य. मूळ पट्टी, हात लावू नको.

एक वेळ त्याच्या मनात आलं, हे लपवत नाही. त्याच्या मनात आलं की होऊन जाऊ दे. चिरू दे आवाज. कृष्णकांतच्या लाल रुमालासकट सगळ्यांना कळू दे की अकरा वर्षं हा माणूस मागे बसून काय करत होता. पहिला अंतरा चांगला गेला. शेवटी तिच्या आवाजाला किंचित कंप आला आणि पहिल्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींना कोपर मारून हसल्या. कशाला हसल्या देव जाणे, पोरीच त्या. पण धम्मानंदच्या कानात भिवापूर सुरू झालं.

दोन अंतऱ्यांच्या मध्ये बासरीचा तुकडा होता, वीसेक सेकंदांचा. पट्टी उतरवायची तर इथेच. सूर बासरीवरूनच घ्यायचा असतो, गाणाऱ्याला धक्का बसत नाही आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. धम्मानंदचं बोट कळीवर गेलं. एक घर. दोन घरं. सभागृहातल्या दीडशे माणसांपैकी एकाचीही मान वळली नाही.

गुंजनची वळली. जेमतेम, जशी कोणी मागून ओढणी धरावी. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग समोर, आणि दुसरा अंतरा उचलला. उंच जागा आली आणि गेली. कुठे चिरली नाही, कुठे अडली नाही. टाळ्या पडल्या, बेताच्या.

निकाल सांगताना परीक्षक बाई म्हणाल्या, “पतंगाचं गाणं फार सुंदर सुरू झालं. पण दुसऱ्या अंतऱ्यात मी वाट बघत राहिले आणि पतंग काही वर गेलाच नाही. का कोण जाणे, मुलीने हात आखडता घेतला.” गुंजनला तिसरं बक्षीस मिळालं. कृष्णकांत जाता जाता धम्मानंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “बघितलंस? काही फाटलं-बिटलं नाही. उगाच जीव खाल्लास माझा!” पट्टी उतरल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

एक वाजता सभागृह रिकामं झालं. धम्मानंद वायर कोपरावर गुंडाळत होता. पुन्हा इथे यायचं नाही, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. मागून कोणी म्हणालं, “काका.”

गुंजन होती. हातात तिसऱ्या बक्षिसाची लहानशी ढाल.

“दुसऱ्या अंतऱ्याले पट्टी उतरवली नं तुम्ही?”

“हो.” खोटं बोलायचं त्याला सुचलंही नाही. उलट आतून बरं वाटलं. दीडशे लोकांत हिला कळलं! कान तयार झाला पोरीचा. “दोन घरं. संभाळून घेतलं तुले, बेटा.”

“काहून?”

“काहून म्हणजे? गळा चिरला असता तुझा तिथी. दिवाळीले नव्हता का चिरला?”

“दिवाळीले!” तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती, संतापली होती. “आता जानेवारी संपून राहिला, काका. मी दोन वेळा म्हटलं तुम्हाले, माप घ्या नं पुन्हा. तुम्ही म्हटलं, उन्हाळ्यात पाहू. दर दोन महिन्याले घ्या लागते, तुम्हीच सांगता नं? पियुषचं तीन वेळा घेतलं. सगळ्याईचं घेतलं. माझंच नाही घेतलं.”

“तुले जपून राहिलो होतो मी.”

“सर म्हणाले, धम्मानंदले सांगू नको, तो ऐकणार नाही. मले लय वाईट वाटे. दर रविवारी वाटे. मंग मी मनात म्हटलं, स्टेजवर सूर लागला की काका खुश होतील. तुम्हालेच ऐकवायचा होता तो मले.” तिने नाक पुसलं. “अन् तुम्हीच मले खाली ओढलं.”

धम्मानंदने हातातली वायर खाली ठेवली. तोवर गुंजन मंचावर चढलीही होती. माइक बंद, लॅपटॉप पेटीत. उचलून ठेवलेल्या खुर्च्यांच्या थप्प्यांसमोर ती उभी राहिली, हात बाजूला सोडून, त्याने तीन वर्षांपूर्वी शिकवलं होतं तशी.

“ओ मारोतराऽव!”

हाक दिवाळीच्या जागेला पोचली आणि तिथे थांबली नाही. वर गेली. पतंगाच्या सुराच्याही वर, एक पायरी, दोन पायऱ्या, स्वच्छ, कुठे चरा नाही की हवा नाही. आणि वर जाऊन ती तिथेच राहिली. धम्मानंदने सवयीने डोळे मिटले होते. सात ठोके, आठ, नऊ. मग फाटकावरून “आलोऽ” ऐकू आलं.

“आता लिहा,” गुंजन म्हणाली. ती बाजूच्या पायऱ्यांनी उतरली आणि ढाल ओढणीत धरून मागच्या दाराने निघून गेली.

धम्मानंदने पिशवीतून वही काढली. गुंजनचं पान उघडलं. लाल अक्षरांवर एक आडवी रेघ मारली आणि खाली आजची तारीख घातली. वरचा सूर लिहिला आणि पुन्हा एकदा गिरवला. पुढचा रकाना गाण्याचा होता. तिथे काय लिहावं ते त्याला कळेना.

दाराशी चपला वाजल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मारोतराव स्टुलावरून उठून आत आले होते. दम लागलेला, हातात काठी.

“कोण बलावून राहिलं होतं गा? पोरं तं सारे गेले. मले वाटलं, खरंच काही काम हाय.”

“गुंजन होती.”

मारोतरावांनी रिकाम्या मंचाकडे पाहिलं. “कुठी हाय?”

“गेली ती,” धम्मानंद म्हणाला.